मेलखालच्या सहीपट्टीचा जांभळा : कामाच्या नोंदी

३ जून २०२४

येवल्याच्या ताईंचं काम घेतलं. पैठणीचं घरचं दुकान, मागच्या खोलीत स्वतःचे माग. अलीकडे परदेशातून चौकशीच्या मेल वाढल्यात, कुठलं महाराष्ट्र मंडळ, कुठलं बुटीक. उत्तराच्या मेलखाली सध्या नुसतं नाव आणि फोन नंबर जातो. ताईंना तिथे "आपली पैठणी दिसेल" अशी चित्राची पट्टी हवी आहे. घरातली आणि दुकानातली मिळून पाच माणसं मेल पाठवतात; सगळ्यांना पट्टी एकच. माणसाचं नाव आणि नंबर मात्र चित्रात घालायचे नाहीत हे मी आधीच सांगून टाकलं. चित्रातला नंबर कॉपी होत नाही, बोट लावून फोन लागत नाही.

माप: दिसायला ६०० बाय १४० पिक्सेल, करायला दुप्पट, म्हणजे १२०० बाय २८०, मोबाइलच्या दाट पडद्यावर फुटू नये म्हणून. वजन ५० केबीच्या आत.

ताईंची रंगांची यादी: जांभळा, राणी, मोरपंखी, पोपटी, डाळिंबी, कुंकवाचा लाल, सोनेरी. "सगळे आले पाहिजेत." एवढ्याशा पट्टीत सात रंग म्हणजे रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा सदरा. फोनवर काही बोलले नाही. आधी करून दाखवते.

५ जून

ताईंनी फोनवर काढलेले अकरा फोटो आले. मुख्य साडी जांभळी, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडला आणि ड्रॉपर (टोचलेल्या जागेचा रंग आकड्यांत सांगणारं हत्यार) टोचला. एकाच साडीच्या अंगावर, बोटभर अंतराने आलेले आकडे (लाल, हिरवा, निळा या क्रमाने, प्रत्येक ० ते २५५ मधला, पुढेही हाच क्रम): २०१, १५०, १९०. मग ११८, ३१, ९६. मग घडीच्या सावलीत ३८, १०, ४०. पहिला जवळजवळ गुलाबी, शेवटचा जवळजवळ काळा. तिन्ही त्याच कापडाचे.

ड्रॉपरला सरासरी घ्यायला लावली, वर्तुळ मोठं केलं. वर्तुळात जरीची बुट्टी आली आणि रंग तपकिरी निघाला. बुट्ट्या टाळून पुन्हा टोचला. जो आला तो कोऱ्या चौकोनात भरून ताईंना पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: "हा आपला नाही. हा वांग्याचा झाला."

फोटोच लहान करून पट्टीत बसवावा हाही विचार केला. नाही जमत. जरीच्या बारीक रेघा आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्या की लाटा दिसतात, सळसळणाऱ्या सापासारख्या. आधी थोडा धूसर करून मग लहान केला तर लाटा जातात, पण त्यांच्याबरोबर जरही जाते. म्हणजे नक्षी हाताने काढायची आणि रंग सपाट भरायचा. मग तर रंग नेमकाच लागणार.

८ जून

येवल्याला गेले. निफाड, विंचूर करत बसने नाशिकहून ८५ किलोमीटरच्या आसपास. रात्री पाऊस पडून गेलेला, आभाळ भरलेलं. फोटोला असाच उजेड बरा.

दुकानात एक बाई दोन साड्यांमध्ये अडल्या होत्या. निवड होईना, तेव्हा त्या काही न बोलता एक साडी उचलून उंबऱ्यापर्यंत गेल्या. दुकानातला पोरगाही न सांगता दुसरी साडी घेऊन मागोमाग गेला. दारात पदर हातावर पसरला, डावीकडे झुकवला, उजवीकडे झुकवला, झालं. सात मिनिटांत बिल. मी कोपऱ्यात बसून बघत होते. आत एलईडी ट्यूब. स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळ्याचा जोर असतो आणि गडद लाल अगदी कमी, म्हणून आत ती साडी निळसर जांभळी दिसते आणि दारात नेली की तिच्यातला लाल जागा होतो. ताईंचे अकराच्या अकरा फोटो ट्यूबखालचे. बाईंना जे ठाऊक होतं ते मला पाच तारखेला सुचलं नाही.

मग मागच्या खोलीत आप्पांकडे. ताईंचे वडील, सत्तरीच्या पुढचे, अजून मागावर बसतात. मी म्हटलं, आप्पा, या जांभळ्या धाग्याचा एक तुकडा द्या, त्याचा फोटो घेते.

"जांभळा धागा नाहीये ह्यात."

मला वाटलं संपलाय.

"अगं पोरी, संपायला असायला तर पाहिजे. ताणा राणी, बाणा निळा." आणि त्यांनी कांडीवरचा, म्हणजे आडव्या बाण्यातला, एक आणि उभ्या ताण्यातला एक असे दोन तुकडे तोडून माझ्या तळहातावर ठेवले. एक चक्क गुलबाक्षीसारखा, दुसरा शाळेच्या शाईसारखा. जांभळा कुठेच नाही. साडी हातात घेऊन एका अंगाने पाहिली तर राणी, दुसऱ्या अंगाने निळी. धूपछाव शब्द लहानपणापासून ऐकलाय, आईच्या तोंडी तर रोज. पण म्हणजे काय ते आज तळहातावर दिसलं.

दोन्ही धागे पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर दाट गुंडाळून घेतले. शेजारी राखाडी कार्ड ठेवलं, दारातल्या सावलीत, थेट उन्हात नाही, आणि कॅमेऱ्याचा पांढरा त्या कार्डावर बांधून फोटो घेतले. आता आकडे भरवशाचे: राणी १७६, २०, ९६. निळा २८, ४०, १२०.

९ जून

दोन्हींची सरासरी काढली की जांभळा मिळेल असं वाटलं. बेरीज करून निम्मं: १०२, ३०, १०८. पडद्यावर निळसर, थोडा मेलेला. वांगं नाही, पण वांग्याच्या भावकीतला.

चूक कुठे ते लगेच कळायला हवं होतं. फाइलमधला आकडा म्हणजे उजेडाचं माप नव्हे. ० ते २५५ मधला १२८ हा निम्मा उजेड देत नाही. निम्म्या उजेडासाठी आकडा १८८ लागतो. डोळा मात्र लांबून धागे बघताना खऱ्या उजेडाचीच सरासरी करतो. म्हणून आधी आकड्यांचा उजेड करायचा, मग सरासरी, मग परत आकडा. तसं केल्यावर: १३०, ३२, १०९. लाल १०२ वरून थेट १३० वर, बाकी दोन जवळजवळ तिथेच.

खात्री म्हणून एका कोपऱ्यात एक पिक्सेल राणी, एक पिक्सेल निळा असा बुद्धिबळाचा पट भरला, शेजारी दोन्ही सरासऱ्यांचे चौकोन ठेवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. पट आणि दुसरा चौकोन एक झाले. पहिला चौकोन वेगळा, काळपट.

पण तोच १३०, ३२, १०९ पूर्ण पट्टीत भरला तर लाउडस्पीकर लावल्यासारखा. कापडात धाग्याधाग्यांमध्ये बारीक सावली असते, सपाट रंगात ती नाही. शिवाय कुठलाही रंग जितका जास्त पसरेल तितका चढतो. भिंतीला रंग देणारे हे जाणतात, डब्याच्या झाकणावरचा नमुना आणि भिंत कधी सारखी वाटत नाही. उतरवत उतरवत ९१, २६, ७९ वर थांबले. जवळपास सात दशांश, आणि किंचित मंद. हा चौकोन ताईंना पाठवला.

"हं. हा घरचा."

११ जून

पहिली मांडणी, ताईंच्या यादीबरहुकूम. मोतिया पार्श्वभूमी, वर मोरपंखी पट्टा, त्यावर कुंकवाच्या लालात नारळी काठाचे त्रिकोण, डावीकडे जांभळा चौक, त्यात पोपटी पानांचं डाळिंबी कमळ, राणी रेघ, दुकानाचं नाव सोनेरी. सात रंग सातही जागी. बघवत नाही. तरी पाठवते, कारण "नको" म्हणण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

१२ जून

ताईंना आवडली! ("भरगच्च झालीय.") आप्पा काही बोलले नाहीत. हिशेब बघणारे धाकटे काका मात्र फोनवर आले आणि म्हणाले, "मॅडम, वरचा हिरवा पट्टा चांगला आहे, पण त्यावर काठ घालणार होता ना?"

काठ घातलेला होता. लाल त्रिकोण, टोकदार, चांगले ठसठशीत.

दोन वाक्यांत उलगडा झाला. काकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही; लहानपणापासून. मागावर बसले नाहीत, हिशेबाला बसले, त्याचंही कारण हेच. ते स्वतःच हसत सांगत होते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणून पुरुषांत बराच जास्त दिसतो, आणि आमच्या पट्टीच्या वाचकांत पुरुष घाऊक व्यापारी पुष्कळ.

पण दोष काकांच्या डोळ्यांवर ढकलायला मी तयार नाही. पट्टीतला रंग काढून नुसती राखाडी करून पाहिली. लाल त्रिकोण माझ्यासाठीसुद्धा गायब. सपाट राखाडी पट्टा, बस्स. आकडे मांडले. कुंकवाचा लाल १८१, १८, २७. मोरपंखी ०, १०५, ९२. उजेडात हिरव्याचा वाटा ७१.५२ टक्के, लालचा २१.२६, निळ्याचा उरलेला ७.२२. त्या हिशेबाने लालची उजळता ०.१०३ आणि मोरपंखीची ०.१०९. दोघांतलं अंतर, म्हणजे गडद-फिक्याचं गुणोत्तर, १.०४ ला १. काळ्या-पांढऱ्यातलं अंतर २१ ला १ असतं. वेबच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत वाचायच्या मजकुराला ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ हवं. आम्ही १.०४ वर होतो. म्हणजे हे दोन रंग नुसत्या रंगछटेच्या आधारावर वेगळे होते. गडद-फिक्याचा आधार शून्य. म्हणूनच सीमेवर ती डोळ्याला टोचणारी थरथरही होती, जिला मी काल "बघवत नाही" लिहून मोकळी झाले.

आता नियम: कुठलीही मांडणी पाठवण्याआधी राखाडी करून बघायची. एका कळीचं काम आहे, आणि मी दहा वर्षं हे काम करत्ये.

ताईंना राखाडी चित्र पाठवलं, खाली काकांचं वाक्य लिहिलं. लाल-मोरपंखीचा हट्ट त्यांनीच सोडला. राणी आणि डाळिंबीही गेले, त्याबद्दल मात्र जरा रुसवा आहे. राणी जांभळ्यातच आहे ना, मी म्हटलं, अर्धा. आप्पा मागून हसलेले ऐकू आले.

१४ जून

उरले जांभळा, सोनेरी, पोपटी आणि मोतिया.

सोन्याने आजचा पूर्ण दिवस खाल्ला. पडद्यावर सोनेरी असा रंगच नाही. २०१, १६२, ७४ सपाट भरला की मोहरीची पेस्ट दिसते. जर चमकते, म्हणजे एका ठिकाणी जवळजवळ पांढरी आणि बोटभर पलीकडे तपकिरी असते. ती चढ-उतार म्हणजेच सोनं. तीन छटा घेतल्या: सावलीला १२२, ८४, २८, मधला तोच, चमकेला २४३, २२४, १६०. चमक फार थोडी, त्रिकोणाच्या एका कडेला एकेक रेघ. चमक वाढवली की पितळेची समई, कमी केली की पुन्हा मोहरी.

जांभळ्यापासून सोनेरीपर्यंत सलग ग्रेडियंटही (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा पट्टा) करून पाहिला. मध्यावर गढूळ, नदीला पहिला पूर येतो तसा. दोन विरोधी रंग सरळ मिसळले की मध्ये मातीच होते. वाटेत विटकरीचा एक थांबा दिला तर चिखल जातो, पण मग तो सूर्यास्त होतो, पैठणी नाही. सोडून दिला. पैठणीत रंग एकमेकांत विरघळत नाहीत. धागा तिथे थांबतो, दुसरा तिथून सुरू होतो.

दुसरी गंमत: हाच सोनेरी मोतियावर ठेवला तर तपकिरी, जांभळ्यावर ठेवला तर हळदीसारखा पिवळा. आकडा एक, रंग दोन. हे कोडं जुनं आहे आणि तेही विणकरांच्याच घरचं. पॅरिसच्या गोबलँ या चित्रगालिच्यांच्या राजकारखान्यात १८२४ मध्ये शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख झाले. तक्रार होती की तिथला काळा रंग फिका पडतो. त्यांनी तपासलं, रंग बरोबर होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसला की काळा मरगळलेला दिसायचा. त्यातून १८३९ मध्ये त्यांनी शेजारच्या रंगांच्या परिणामाचा नियम मांडला. आप्पांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग? काळी चंद्रकळा लाल काठाशिवाय कोण विणतं?"

जांभळ्यावरच्या सोन्यातला पिवळेपणा थोडा काढला, मोतियावर सोनं ठेवायचंच नाही असं ठरवलं. तसंही मोतियावर (२५०, २४४, २३०) त्याचं अंतर २.२ ला १, अक्षरांसाठी निरुपयोगी. जांभळ्यावर ५.१. चालतं.

१८ जून

दोन दिवस फुकट. नोंद करून ठेवते म्हणजे पुन्हा होणार नाही.

१६ ला रात्री ताईंचा निरोप: मोतिया फार पिवळा दिसतो, जुन्या वर्तमानपत्रासारखा. मी निळा वाढवला. १७ ला रात्री: अजून पिवळा. अजून वाढवला. आज सकाळी त्यांचाच निरोप: "अहो, हा तर हॉस्पिटलच्या चादरीसारखा निळा झालाय." माझ्या पडद्यावर तो कालच निळा होता, पण म्हटलं गिऱ्हाईकाला दिसतं ते खरं. फोन करून विचारत गेले तेव्हा सापडलं. त्यांच्या मोबाइलवर डोळ्यांना आराम देणारा तो मोड रात्री आठनंतर आपोआप सुरू होतो आणि सगळा पडदा पिवळा करतो. निरोप दोन्ही रात्रीचे.

त्यातच माझी स्वतःची एक चूक सापडली. १६ ची फाइल अडोबी आरजीबी प्रोफाइलमध्ये (आकड्यांचा रंग कुठला धरायचा ते सांगणारी नोंद) राहून गेली होती, कॅमेऱ्यातून तशीच आलेली. जो प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाही तो त्या आकड्यांना साधे एसआरजीबी, म्हणजे पडद्यांचे नेहमीचे, समजतो आणि सगळे रंग फिके दिसतात. म्हणजे "पिवळा" हा ताईंचा मोबाइल, पण "जांभळा थोडा उतरलाय" ही तक्रार खरी होती, तिच्याकडे मी कानाडोळा केला. आता सगळं एसआरजीबीत.

आणि नमुने चॅटवर फोटो म्हणून पाठवायचे नाहीत. तिथे जेपेग होऊन दाबले जातात; जेपेगमध्ये उजळता पिक्सेलगणिक राहते पण रंग बहुतेक वेळा चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवला जातो. दोन पिक्सेलची सोनेरी रेघ जांभळ्यात पाझरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, आणि ताईंनी दिवसा बघायचं. दारात जाऊन, असंही म्हटलं. हसल्या.

२१ जून

वटपौर्णिमा. दुकानात गर्दी, कुणीच उत्तर दिलं नाही. बरं झालं, मुनिया (पैठणीच्या पदरावरचा तो पोपटी पक्षी) काढून ठेवली.

२४ जून

पट्टी उलटी झाली. सगळी.

आज पहिल्यांदा खऱ्या मेलखाली लावून पाहिली. दिवसा उजेडी, पांढऱ्या मेलमध्ये छान. मग माझ्या फोनवर गडद मोडमध्ये उघडली. मेलची जमीन जवळजवळ काळी, आणि तिच्यावर आमचा मोतिया आयत म्हणजे अंधाऱ्या खोलीत कुणीतरी फ्रिज उघडलाय. चित्राचे रंग तसेच राहिले होते, फक्त भोवतालची जमीन बदलली, शेव्रलसाहेबांचाच खेळ.

पार्श्वभूमी पारदर्शक केली. आता काळ्यावर जांभळी अक्षरं. ३१, ३१, ३१ च्या जमिनीवर आमच्या जांभळ्याचं अंतर १.३४. नाव गेलं, मुनिया तेवढी अंधारात लोंबकळत राहिली. अक्षरांना फिकी कडा देऊन बघितली, पांढऱ्यावर ती दिसत नाही आणि काळ्यावर वाचवते, ही नेहमीची युक्ती. पण बारीक देवनागरीत कडा वेलांट्यांमध्ये भरते आणि मात्रा जाड होतात. नको.

चहा घेऊन आले आणि पुठ्ठ्यावरचे दोन धागे दिसले. मी इतके दिवस पैठणीचा तुकडा कापून कागदावर चिकटवत होते. पट्टीच साडी का नाही? अंग पूर्ण जांभळं, वर-खाली सोनेरी काठ, अक्षरं मोतिया. मोतिया अक्षरं जांभळ्यावर ११.२ ला १. पांढऱ्या मेलमध्ये जांभळं अंग १२.३ ने उठून दिसतं. गडद मेलमध्ये अंग जमिनीत मिसळू पाहतं, १.३४, पण तिथे काठ ६.९ ने उभा राहतो आणि साडी कुठे सुरू होते नि कुठे संपते ते तोच सांगतो. काठ शोभेचा म्हणून शेवटी घालायचा होता. आता तो काढला तर अर्ध्या वाचकांसाठी पट्टीला कडाच नाही.

मोतिया जमीन दोन आठवडे घोटली होती. गेली. वाईट वाटलं नाही.

२५ जून

काठ किती जाड? इटेन हे बाउहाउस या जर्मन कलाशाळेत रंग शिकवायचे. त्यांनी जर्मन कवी गटेच्या आकड्यांवरून सांगितलेलं प्रमाण आहे, पिवळा एक तर जांभळा तीन. म्हणजे पाव पट्टी सोनं. केलं. लग्नपत्रिका झाली, तीही महागातली. त्यांचं गणित शुद्ध पिवळ्याचं, माझं सोनं चमकीसकट, त्यामुळे ते मुळात जास्त बोलतं. त्या साठ-तीस-दहाच्या ठोकताळ्यावरही (मुख्य रंग साठ टक्के, दुसरा तीस, तिसरा दहा) माझा विश्वास नाही, तो दिवाणखान्याचा हिशेब आहे, तिथे माणूस आत बसतो.

त्यापेक्षा आप्पांच्या साडीचाच फोटो घेतला, काठासकट अंगाचा भाग, आणि हिस्टोग्रॅमने, म्हणजे कुठली छटा किती पिक्सेलांत आहे त्या आलेखाने, पिक्सेल मोजले. सोनं सुमारे १२ टक्के. पदराचा भाग मोजला तर उलट: तिथे सोनंच जमीन, आणि रेशीम नक्षीपुरतं. निम्मं-निम्मं कुठेच नाही. एका जागी एकच राज्य करतो.

काठ दिसायला १० पिक्सेलचे, वर एक खाली एक. आत्ताचं मोजमाप: जांभळा ७८, सोनेरी १५, मोतिया ५, पोपटी २ टक्के. १२ ऐवजी १५ कारण पट्टी लहान आहे, काठ याहून बारीक केला तर त्रिकोणांचे दात पडतात.

२६ जून

मुनिया. पोपटी १२४, १६८, ५८. डाव्या टोकाला पदर म्हणून एक उभा सोनेरी पट्टा घातला आणि तिला त्यावर बसवली. राखाडी करून पाहिलं: पक्षी उडाला. सोन्याशी अंतर १.१६.

आप्पांनी पदराचा जवळून फोटो पाठवायला लावला ताईंना. त्यांच्या पदरावरच्या मुनियेभोवती गडद धाग्याची एक ओळ आहे, इतकी बारीक की मी तीन आठवडे ती पाहिलीच नव्हती. तशीच जांभळी रेघ दिली, दुप्पट मापात दोन पिक्सेल. पक्षी परत आला, काकांनाही दिसला (विचारलं). चोच कुंकवाच्या लालात केली, चार पिक्सेल. ताईंचा लाल आला एकदाचा. एवढ्याशा लालाने अख्खी पट्टी तिकडे बघायला लागते, म्हणून तो थोडा विटकरीकडे झुकवला.

२८ जून

निर्यात. सगळे रंग सपाट असल्यामुळे ३२ रंगांच्या इंडेक्स्ड पीएनजीत (ठरावीक रंगांची यादी ठेवणारी चित्रफाइल) काम भागलं. डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं) बंद, नाहीतर जांभळ्यावर कोंडा पडल्यासारखे ठिपके येतात. १९ केबी. ग्रेडियंट ठेवला असता तर २५६ रंगांतही पट्टे दिसले असते. चित्राला पर्यायी मजकूर म्हणून दुकानाचं नाव टाकलं, कारण काही ठिकाणी मेलमधली चित्रं मुळात उघडतच नाहीत. रुंदी ६०० अशी स्पष्ट लिहून दिली, नाहीतर दुप्पट मापात उघडते आणि समोरच्याला साडी नेसायला लागते.

काळी चंद्रकळा आवृत्तीही करून ठेवली, काळं अंग लाल काठ, आप्पांसाठी. गडद मेलमध्ये अंग नाहीसंच होतं, नुसता लाल काठ उरतो. दिली नाही.

२ जुलै

पाचही जणांच्या मेलमध्ये फोनवरून बसवून दिली. काकांनी सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा पासवर्ड ताईंच्या वहीत होता. संध्याकाळी त्यांची पहिली मेल आली: माझ्या बिलाची पोच, दहा टक्के टीडीएस कापून, आणि खाली पट्टी. जांभळा बरोबर, काठ जागेवर, मुनिया जागेवर. फक्त पट्टी दोनदा आलीय, एक मेल लिहिताना त्यांनी हाताने चिकटवलेली, एक आपोआप लागलेली. उद्या सकाळी फोन करते.